मकसूदभाईंचा पहिला घोट

लातुरात कुणाविषयी लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मार्क किती पडले होते? आमच्या गावाला ही खोडच लागली आहे. चौकाचौकात पोरापोरींचे फोटो, खाली ठळक आकडे आणि बाजूला क्लासवाल्याचा स्वतःचा फोटो, पोरांपेक्षा मोठा. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते मकसूदभाई कल्हईवाले चौथीतून शाळा सोडून वडिलांच्या भात्यापाशी बसले. ते कुठल्याही फलकावर यायचे नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. जन्मभर शाळेत मराठी शिकवताना दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल पेन चालवलं, आता स्वतःचा एक लिहून बघते.

मकसूदभाईंना पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते रागीट वाटायचे. काटकुळा देह, आचेनं विरळ झालेल्या भुवया आणि बोलणं अगदी मोजकं. सायकलला भाता बांधून ते मुरुडपासून चाकूरपर्यंत हिंडायचे. गल्लीच्या तोंडाशी एकदाच ‘कल्हईऽऽ’ अशी हाक द्यायची आणि सावली बघून गप बसायचं. ज्याला गरज आहे तो येईल, हा त्यांचा हिशेब. गावात काम असलं की बायको बेगमबी बरोबर असायच्या. भाता त्या ओढायच्या, भांडं हे फिरवायचे. बेगमबी नायगावच्या. त्या घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडेच होतं.

कल्हई म्हणजे काय हेही आता सांगावं लागतं, असे दिवस आले. पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, हिरवट पडतं, पोटाला बाधतं. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची काडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं झटक्यात आतून फिरवायचं. नवसागराचा पांढरा धूर उठतो, डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि त्या धुरातून भांडं लखलखीत होऊन बाहेर येतं. कथलात शिसं मिसळणारे लबाडही या धंद्यात होतेच. मकसूदभाई त्यांतले नव्हते, आणि ते तोंडानं सांगत बसायचे नाहीत.

त्याऐवजी ते एक करायचे. भांडं गार झालं, धुऊन झालं की त्यात पाणी घ्यायचे, भांडं उंच धरायचे आणि ओठ न लावता वरून एक घोट प्यायचे. मगच भांडं धन्याच्या हातात. त्या घोटाचा अर्थ गावाला ठाऊक होता. मी प्यालो, आता तुम्ही खुशाल प्या. कुणी घाईत असलं आणि ‘राहू द्या हो, द्या तसंच’ म्हणालं, तर मकसूदभाई भांडं द्यायचे नाहीत.

ही रीत त्यांच्या वडिलांची नव्हे. ती भूकंपातली.

त्र्याण्णव साली गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे जमीन हलली. आमच्या लातुरातल्या घराच्या भिंतींना चिरा गेल्या एवढंच. किल्लारीकडची गावं मात्र दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. तेव्हा जो तो काही ना काही घेऊन तिकडे धावला. कुणी कपडे नेले, कुणी भाकरी. मकसूदभाईंनी भाता नेला. लोकांना ते खुळ्यासारखं वाटलं असणार. पण पत्र्याच्या शेडमध्ये आलेल्या माणसांपाशी होतं काय, तर ढिगाऱ्यातून उपसलेली भांडी. चेपलेली, मातीनं भरलेली, कल्हई उडालेली. आणि त्या भांड्यांत शिजवायला बायका तयार नव्हत्या. भांडी जिथून निघाली तिथूनच माणसंही निघाली होती.

त्या शेडमध्ये नीलाबाई होती. तिचा नवरा मन्मथ, गावातला शिंपी, त्या पहाटे गेला. ती गणपतीला माहेरी निलंग्याकडे गेली होती म्हणून राहिली. मूलबाळ नव्हतं. तिच्या घरातल्या दोनच गोष्टी वाचल्या. एका अंगानं चेपलेलं पितळेचं लहान पातेलं, दोन माणसांच्या भाताचं, आणि दारातल्या लिंबाला टांगलेल्या पिंजऱ्यातला राघू.

मकसूदभाईंनी त्या पातेल्याला कल्हई लावून ते तिच्यापुढे ठेवलं. तिनं तोंड फिरवलं. त्यांनी पातेल्यात पाणी ओतून घेतलं, वरून घोट घेतला आणि पातेलं पुन्हा पुढे केलं. लिंगायताच्या घरचं भांडं आणि त्यातून मुसलमान कल्हईवाल्यानं आधी पाणी प्यायचं, हे एरवी त्या गावात कुणी खपवून घेतलं नसतं. त्यांनाही ते कळत होतं, म्हणून ओठ लावले नाहीत. नीलाबाईनं त्या संध्याकाळी त्यात भात लावला. मग बाकीच्या बायका आपापली भांडी घेऊन आल्या आणि जी ती म्हणाली, आधी तुम्ही प्या. बेगमबी अजून चेष्टा करतात की आमचा माणूस कल्हईवाला म्हणून गेला आणि पखालीसारखा भरून परत आला.

पातेल्याची चेप ते ठोकून काढणार होते. नीलाबाई म्हणाली, राहू द्या. ती अजून तशीच आहे.

पुढे नीलाबाई लातुरात आली आणि माझ्या घराच्या भिंतीला लागून जागा घेऊन क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढली. तेव्हा क्लासेसचं पीक जोरात यायला लागलं होतं. नांदेड, परभणी, कुठून कुठून पोरं येत होती, भोवती होस्टेलांचे मजल्यावर मजले चढत होते. नीलाबाईनं मात्र डोक्यावर स्लॅब म्हणून घेतला नाही. सगळी खानावळ पत्र्याची. बांधकामवाले येऊन समजावून गेले, नकाशे दाखवून गेले. ती म्हणायची, पत्रा पडला तर खोक पडंल, मानूस न्हाई जायाचं. बांधकामवाले नकाशे गुंडाळून निघायचे.

राघूचा पिंजरा ओसरीवर टांगलेला असायचा. त्या राघूला एकच वाक्य यायचं. मन्मथ दुकान बंद करून घरी यायचा तेव्हा अंगणातूनच खाकरून हाक द्यायचा, ‘आलो गं’. राघूनं ते खाकरण्यासकट उचललं होतं. रोज दिवेलागणीला आधी खाकरणं, मग ‘आलो गं’. भिंतीपलीकडून मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईनं दुसरं लग्न केलं वाटतं, आणि आम्हाला पेढाही नाही. खरं काय ते मला मागाहून कळलं. नीलाबाई त्या हाकेला कधी ओ द्यायची नाही. पण बाजारात असो की देवळात, त्या वेळेला धापा टाकत घरी यायची. पोरांची ताटं थांबतील, ती हाक चुकायची नाही.

मकसूदभाईंना हे माहीत होतं. खानावळीच्या पातेल्यांना कल्हई द्यायला ते दसऱ्याआधी आणि पाडव्याआधी यायचे, आणि त्या फाटकातून ‘आलो’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. सांडशीनं कडी वाजवायचे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, “तो शब्द त्या घरात दुसऱ्याचा हाय, बाई.” मी पुन्हा असलं काही विचारलं नाही.

आणखी एक. नवसागराच्या धुरानं राघूला शिंका यायच्या. म्हणून भट्टी पेटवण्याआधी मकसूदभाई स्वतः पिंजरा उतरवून मागच्या दारी टांगून यायचे. आधी पिंजरा, मग भट्टी. त्यात कधी चूक झाली नाही.

मधल्या वर्षांत कल्हईचा धंदा बसत गेला. पितळ मोडीत गेलं, घराघरात स्टील आलं. मग नॉनस्टिकचे काळे तवे आले. भांड्यांचे व्यापारी वीरण्णा यांनी ते खानावळींना सवलतीत दिले. तेल कमी लागतं, चिकटत नाही, पोरांच्या आया फोनवर तेच विचारतात. नीलाबाईनंही धिरडी आणि डोशांसाठी घेतले. पण खानावळीतलं स्वयंपाकघर काही जाहिरातीतलं नसतं. गॅस कायम मोठा, उलथणं लोखंडी, घासायला तारेची घासणी. काळा थर हळूहळू पोपडे धरून उडाला. तो कुठे उडाला हे कुणी विचारलं नाही. डोशाबरोबर गेला असणार, दुसरं काय.

मकसूदभाईंना तोवर एका होस्टेलवर रखवालदार म्हणून बसायचं बोलावणं आलं होतं. ते जायला तयारही झाले होते, पण मन लागत नव्हतं. लाकडी खुर्चीवर बसून पोरं किती वाजता आली ते बघायचं, यासाठी का हे हात, असं बेगमबी माझ्यापाशी म्हणाल्या. त्याच सुमारास वीरण्णांनी त्यांना बोलावून घेतलं. उडालेले तवे जाळून स्वच्छ करायचे आणि डब्यातला नवा लेप देऊन भट्टीत पक्का करायचा, असं काम होतं. डबे नांदेडहून आलेले. वीरण्णा म्हणाले, ही नव्या जमान्याची कल्हईच समजा की. साऱ्या लातुरातल्या खानावळींचे तवे तुमच्याकडे येतील.

मकसूदभाई त्या दिवशी घरी गाणं गुणगुणत आले म्हणे. बेगमबींच्या सांगण्यावर मी एरवी निम्माच विश्वास ठेवते, पण हे मला खरं वाटतं. कारागिराला काम परत मिळण्यासारखं दुसरं सुख नाही.

पहिले तवे नीलाबाईचे घ्यायचे, हे त्यांनी आपणहून ठरवलं. श्रावणाचे दिवस, बारीक भुरभुर चालू. अंगणात भट्टी लावता येईना म्हणून ओसरीला लागून पत्र्याखाली लावली. नीलाबाईनं विचारलं, पिंजरा हलवायचा का? मकसूदभाई म्हणाले, आज नवसागर न्हाई, धूर न्हाई, राहू द्या. झिमझिम आत येत होती म्हणून तिनं पिंजऱ्याच्या एका अंगाला पोतं बांधलं आणि ती स्वयंपाकाला गेली.

जुनी कल्हई काढायची तर भांडं तापवून काढतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्याच न्यायानं त्यांनी रिकामे तवे निखाऱ्यावर ठेवून कडकडीत तापवले. बेगमबी भाता ओढत होत्या. काळा थर राखट झाला, तारेच्या ब्रशनं निघाला. धूर असा दिसलाच नाही. दुपारी दोघांना छातीत जड जड वाटायला लागलं, तेव्हा पावसाची हवा असेल म्हणून भट्टी विझवून ते घरी गेले. लेपाचं काम दुसऱ्या दिवशी करणार होते.

त्या दिवशी दिवेलागणीला भिंतीपलीकडून खाकरणं ऐकू आलं नाही. मी हातातलं काम ठेवून थांबले. मग नीलाबाईचा आवाज आला, राघूला हाका मारणारा, आणि मी तशीच पलीकडे गेले. पोतं सोडलेलं होतं. राघू पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता आणि नीलाबाई ओसरीच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, म्हातारा झाला हुता, बाई. मी पण हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मकसूदभाईंना त्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, बेगमबींनाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, अंग ठणकत राहिलं. राघूची बातमी कळली तेव्हा ते तसेच सायकल काढून माझ्याकडे आले. माझी मुलगी अपूर्वा हैदराबादला रसायनशास्त्रात संशोधन करते. ‘तिला फोन लावा’ एवढंच म्हणाले. पाणीही घेतलं नाही.

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. अपूर्वानं आधी सगळं नीट विचारून घेतलं. तवे किती तापवले, धूर दिसला का, ताप कसा आला. मग म्हणाली, त्या काळ्या थरात कार्बनला फ्लोरिन इतकं घट्ट धरून असतं की साध्या स्वयंपाकाच्या आचेला तो काही करत नाही. पण रिकामा तवा निखाऱ्यावर असा कडकडीत तापला की तो थर फुटतो, त्यातून विषारी वायू आणि न दिसणारे बारीक कण निघतात. माणसाला थंडीताप येऊन उतरतो. पाखराचं फुप्फुस तेवढं सोसत नाही, ते थोड्याच वेळात जातं.

मकसूदभाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि थोड्या वेळानं परत कानाशी नेला. विचारलं, “आनि लोकांच्या पोटात जो थर गेला, तो?”

ती म्हणाली, पोपडे बहुतेक तसेच बाहेर पडतात. पण तो थर बनवताना जी रसायनं वापरतात, ती आणि त्यांची भावंडं जास्त वाईट. ती बऱ्याच वस्तूंत असतात. डाग न धरणारं सोफ्याचं कापड, पाणी न धरणारा रेनकोट, तेल न शोषणारा खाऊचा कागद, गच्चीला आणि भिंतींना मारायचे काही लेप, काही रंग. झिजून, धुऊन ती पाण्यात आणि मातीत उतरतात आणि उन्हापावसानं मोडत नाहीत.

“मंग जातात कुठं?”

“कुठंच जात नाहीत, काका. राहतात.”

मी त्या दिवशी फोन घेऊन घरभर फिरत, एकेका वस्तूचं नाव घेत अपूर्वाला विचारत सुटले. सोफा? असू शकतं. गच्चीचा नवा लेप? डब्यावर काय लिहिलंय ते बघावं लागेल. मग घरात निर्मळ असं मीच उरले, असं मी वैतागून म्हणाले. ती म्हणाली, आई, रक्त तपासलं तर तूसुद्धा नाही. आई झाली म्हणून मुलीनं तिच्याशी इतकं खरं बोलू नये.

मकसूदभाई मात्र माझ्या ओसरीवर बसून राहिले होते. बेगमबी तोवर मागून आल्या होत्या. त्या त्यांना समजावत होत्या की नीलाबाईला काही सांगू नका. तिनं मनाची समजूत घातली आहे, राघू म्हातारा होऊन गेला म्हणून. खरं सांगून तिच्या जखमेवरची खपली कशाला काढता? शिवाय काम हातचं जाईल ते वेगळंच. बेगमबींच्या बोलण्यात खोट नव्हती. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

मकसूदभाई उठले. म्हणाले, “तिनं माझ्या एका घोटावर भात शिजवला हुता.” आणि पलीकडच्या फाटकाशी जाऊन त्यांनी कडी वाजवली.

मी भिंतीपाशीच होते, ऐकू न येण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणाले, “अक्का, राघू म्हातारा होऊन न्हाई गेला. माझ्या भट्टीनं गेला. तव्यातून इख निघालं, ते मला दिसलं न्हाई. धूर न्हाई म्हणून पिंजरा हलवला न्हाई मी.”

नीलाबाई म्हणाली, “मी इचारलं हुतं तुमाला.”

“हाव. इचारलं हुतं.”

“आता दिवेलागणीला मी काय ऐकू?”

नीलाबाईनं फाटक लावून घेतलं आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्याच दिवशी लेपाचे डबे वीरण्णांच्या दुकानात परत गेले. वीरण्णा माणूस वाईट नव्हे. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण त्यांचं म्हणणं असं की एक पाखरू गेलं म्हणून एवढं काम सोडायचं, हे काही शहाणपणाचं नाही, हवेशीर जागी करा. मकसूदभाईंनी ऐकलं नाही. उलट आपल्या सायकलवरून एकेका खानावळीत जाऊन आचाऱ्यांना सांगत सुटले की रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका, थर उडालेला वापरू नका, आणि जाळायला तर कुणाकडेच देऊ नका. रोजगार ज्यांच्याकडून मिळायचा त्यांच्याच दारात जाऊन त्यांनी तो असा नको म्हणून सांगितला. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी टिंगल. एका आचाऱ्यानं विचारलं म्हणे, मग डोसा काय तुमच्या डोक्यावर घालू? ऐकलं थोड्यांनीच, हे कबूल करायला हवं. पण त्या थोड्यांच्या स्वयंपाकघरात बिडाचे, ओतीव लोखंडाचे तवे परत आले, ते मी पाहिले आहेत.

मग मकसूदभाई होस्टेलवर रखवालदार म्हणून बसायला लागले. मी एकदा तिकडून जाताना पाहिलं, खुर्चीवर ताठ बसले होते, मांडीवर हात पालथे ठेवून. मला फार वाईट वाटलं आणि मी न थांबता पुढे गेले.

भूकंपाचा दिवस जवळ आला. दर वर्षी त्या दिवशी नीलाबाई मन्मथसाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर करते, त्याच चेपलेल्या पातेल्यात, आणि त्याआधी मकसूदभाई येऊन त्याला नवी कल्हई देऊन जायचे. त्या वर्षी ते आले नाहीत, येणारही नव्हते. आदल्या दिवशी नीलाबाई माझ्या दारात उभी राहिली, पातेलं फडक्यात बांधलेलं. म्हणाली, चला माज्यासंगं. कुठे ते विचारावं लागलं नाही. आम्ही रिक्षा केली.

मकसूदभाई घरीच होते, पाळी संध्याकाळची होती. तिला दारात बघून ते उठून उभे राहिले आणि बेगमबी पाठ फिरवून डोळे पुसायला लागल्या. नीलाबाईनं फडकं सोडून पातेलं जमिनीवर ठेवलं. ते म्हणाले, अक्का, दुसऱ्याकडून करून घ्या. नीलाबाईनं पाट ओढला आणि ती त्यावर बसली. तिला लातुरातल्या कुठल्याही बांधकामवाल्यानं हलवलेलं नाही, मकसूदभाई काय हलवणार?

भाता निघाला. बेगमबींनी निखारे फुलवले. नवसागर पडला, पांढरा धूर उठला आणि आम्हा सगळ्यांना ठसका लागला. मकसूदभाईंची मान सवयीनं वर गेली, पिंजरा शोधायला. मी ते पाहिलं आणि नीलाबाईनंही पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि बोळा फिरवला.

पातेलं गार झालं, धुऊन झालं. बेगमबींनी त्यात पाणी ओतलं. मकसूदभाईंनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि तिथेच थांबले.

“अक्का, माझ्या पिण्याला आता काय किंमत हाय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाला तरी प्यायला सांगा.”

नीलाबाई उठली. त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि चेपलेल्या कडेला तोंड लावून ती पाणी प्याली. घटाघटा प्याली, नुसता घोट नाही. मग पदरानं तोंड पुसून पातेलं त्यांच्यापुढे धरलं.

“मी पिले. आता तुमी प्या.”

मकसूदभाईंनी पातेलं घेतलं आणि नेहमीसारखं उंच उचललं.

“वरून नको,” नीलाबाई म्हणाली.

त्यांनी एकदा बेगमबींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पातेलं खाली घेतलं आणि तोंड लावून पाणी प्याले.